एकतिसावं नाव

सुलभाताई,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसले होते. पाच जण बोलले, आणि पाचही जणांनी सांगितलं की तुम्ही आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. पाचव्याचं ऐकून मी चपला घातल्या आणि बाहेर आले. बाहेर तुमच्या शाळेतल्या दोन मुली उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, तुम्हाला रडू आलं का?" मी म्हटलं, "नाही, राग आला." घाबरली बिचारी.

तोच राग आता लिहून काढते आहे. आपल्या महिला मंडळाच्या बायकांनी स्मृती-अंकासाठी दोन पानं मागितली आहेत. हे छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नाही. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि आपलं भांडण आठ वर्षांचं आहे. माणूस गेलं की भांडण संपतं असं म्हणतात. ते म्हणणारे कधी नीट भांडलेले नसावेत.

आधी जे तुमचं देणं आहे ते लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. नांदगावहून मी नाशिकला आले तेव्हा सातपूरच्या कारखान्यात कारकुनाची नोकरी होती, पण राहायला खोली नव्हती. घरमालक आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग खोली कालच गेली म्हणून सांगायचे. तुम्ही माझ्याबरोबर चार घरं फिरलात. चौथ्या घरी ती बाई "आडनाव काय?" म्हणाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिचं कांबळे. माझं जोशी. दोघींपैकी कुणाच्या हातचं पाणी चालणार नाही ते सांगा, म्हणजे तिला बाहेर उभी करते." त्या बाईला हसू आलं आणि खोली मिळाली. तिथे मी अजून राहते. कायदा वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. बोट ठेवून, कलम कलम, दर शनिवारी तुमच्या गॅलरीत. सहा-सात बायका, एक स्टोव्ह, आणि कपबश्या कमी म्हणून दोन पाळ्यांत चहा. "मला ताई म्हणू नकोस, सुलभा म्हण," असं तुम्ही पहिल्याच शनिवारी सांगितलंत. मला ते कधी जमलं नाही. पण मी तुमच्याशी ज्या आवाजात भांडले, त्या आवाजात सख्ख्या बहिणीशीही कधी भांडले नाही.

आता हिराबद्दल.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो अजून आहे आणि मी अजून तिथेच आहे. विजेचे स्विच तयार होत. बारीक तांब्याची तार गुंडाळायचं काम बायकांकडे असे, कारण बायकांची बोटं बारीक आणि पगारही बारीक. सगळ्यांच्या हजेरीची कार्डं माझ्याकडे असत. कोण कायम, कोण तात्पुरती, कुणाचे किती दिवस भरले, हे मला कार्ड न बघता सांगता येई. हिरा हरसूलकडची. नवरा बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली, ती आमच्याकडे तात्पुरती. पदरात आठ महिन्यांचं पोर. ते पोर सात वर्षांच्या थोरल्या मुलीकडे असायचं, म्हणून थोरलीची शाळा बंद. जेवणाच्या सुट्टीत थोरली पोराला कडेवर घेऊन गेटपर्यंत यायची. आत सोडायची परवानगी नव्हती, म्हणून हिरा बाहेर जाऊन सायकल स्टँडच्या पत्र्याआड उभ्यानं पाजायची. बसायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. एकदा तुम्ही मला भेटायला दुपारी आलात आणि ते पाहिलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी तुमचा अभिमान वाटला होता. कारण मी ते रोज पाहत होते आणि माझ्या डोळ्यांत काही येत नव्हतं.

कायदा नुकताच बदलला होता. पूर्वी पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर कारखान्यानं पाळणाघर काढावं असं होतं, आता तीसपेक्षा जास्त. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे किती आहेत?" मी लगेच सांगितलं, "चौतीस. तीस कायम, चार तात्पुरत्या." तुम्ही टाळी वाजवलीत. मी मात्र मनात त्या चौघींचे भरलेले दिवस मोजत होते.

ती शनिवारची संध्याकाळ मला शब्दाशब्दानं आठवते.

"ताई, अर्जात नावं घालू नका. नुसता आकडा द्या."

"नुसत्या आकड्याला कोण विचारतं, विमल? इन्स्पेक्टरला कंपनी दाखवेल तेच हजेरीचं मस्टर तो बघणार. आपल्याकडे नावं हवीत."

"मग दिवाळीपर्यंत तरी थांबा."

"का? मुहूर्त चांगला आहे?"

बाकीच्या हसल्या. मी समजावून सांगितलं की त्या चौघींचे दोनशे चाळीस दिवस भरायला दोन महिने बाकी आहेत. ते भरले की त्यांना सहजासहजी काढता येणार नाही. मोठी ऑर्डर आहे, साहेब म्हणाले आहेत की या वेळी मध्ये ब्रेक देऊन दिवस तोडणार नाही.

"साहेब म्हणाले!" तुम्ही हात जोडलेत. "अगं, दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी तो चौघींना नारळ देईल आणि तुला पेढा देईल."

"देईलही कदाचित. कदाचित देणार नाही."

"कदाचितच्या जोरावर बायकांनी किती पिढ्या काढल्या, मोजल्यास कधी?"

मग मी शेवटचं बोलले. माझ्यासारखीला ते बोलणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, "मुळात बायकाच का मोजायच्या? पाळणाघर बायकांच्या आकड्यावर ठेवलं की मालक बायकाच कमी करणार. कामगार मोजा ना सगळे. बापांनाही पोरं असतात." तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "ते पुढचं पाऊल. आधी आहे ते पदरात पाडून घेऊ."

पदर हिराचा होता, ताई. तुमचा नव्हता.

तरी यादी मीच लिहून दिली. तुम्ही ती शाळेच्या टाइपरायटरवर उतरवलीत आणि माझा कागद स्टोव्हवर धरून जाळलात, माझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून. तेवढी काळजी तुम्ही नेहमीच घेतलीत.

अर्जाची एक प्रत खुलाशासाठी कारखान्याकडे आली. सरकारी कामात तशी ती येतेच. हे मला माहीत असायला हवं होतं. इन्स्पेक्टर आला तो त्यानंतर बारा दिवसांनी. त्यानं मस्टर पाहिलं, बायका मोजल्या. तीस. तीसपेक्षा जास्त नाहीत, म्हणून पाळणाघर नाही. चहा पिऊन तो गेला.

चौघींना आदल्याच आठवड्यात काढलं होतं. हिरा निघताना माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "काही नाही गं, ऑर्डर कमी झाली." ऑर्डर कमी झाली नव्हती. त्या महिन्यात बाकीच्या तीस जणींनी चौतीस जणींचं काम केलं.

मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही वह्या तपासत होतात. ऐकून घेतलंत, पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "हे होणारच होतं. आता केस करू. त्यांना बोलावून आण." मी कुठून बोलावून आणणार होते? हिराच्या नवऱ्याचं बांधकाम संपलं होतं, झोपडी उठली होती, ती गावी निघून गेली होती. बाकीच्या तिघींपैकी दोघी द्राक्षाच्या बागेत लागल्या, एकीचा पत्ताच नाही. मग मी म्हटलं, "तुम्ही हरसूलला जाऊन या. आपलं चुकलं म्हणून तिला सांगा."

"चुकलं कुणाचं? कारखान्याचं. मी माफी मागितली तर मालक सुटतो, विमल. त्याला तेच हवं असतं, आपण आपापसांत माफ्या मागत बसावं."

"मालक तसाही सुटलाच आहे."

"म्हणून मी त्याला आणखी सोडवू?"

हे वाक्य आठ वर्षं माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण ते खोटं नव्हतं. मला त्याला उत्तर सापडत नव्हतं, आणि ते खरं आहे असंही वाटत नव्हतं. दरवर्षी एकदा तरी मी म्हणायचे, "हरसूलला जाऊन या." दरवर्षी तुम्ही तेच म्हणायचात, दरवर्षी थोड्या अधिक चांगल्या शब्दांत.

मग तुम्ही बदललात. चार-पाच वर्षांत तुम्ही व्याख्यानांना जाऊ लागलात, पुण्याच्या, मुंबईच्या बायकांशी वाद घालू लागलात, आणि तुमचं मत झालं की बाईसाठी म्हणून केलेले सगळे कायदे बाईच्याच मुळावर येतात. बाई म्हणून मोजलं की बाई म्हणूनच काढतात. नाशिकच्या अशाच एका सभेत मी मागे बसले होते. तुम्ही म्हणालात, "बायका मोजू नका, कामगार मोजा. बापांनाही पोरं असतात." टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता तुम्ही मागे बघाल. तुम्ही पाणी प्यायलात आणि पुढे गेलात. मग उदाहरण दिलंत, "एका कारखान्यात चार स्त्रियांना..." चौघींपैकी एकीचंही नाव नाही.

सभेनंतर मी तुम्हाला जिन्यात गाठलं. "हिरा तिचं नाव."

"विमल, तपशील महत्त्वाचा नाही गं. तत्त्व महत्त्वाचं."

"तपशिलाला पोरं होती. तपशिलाची थोरली शाळेत जात नव्हती."

"तुला माझं म्हणणं पटत नाही का? तूच तर म्हणायचीस."

म्हणजे तुम्हाला आठवत होतं! इतका राग मला कधीच आला नव्हता. पण ते वाक्य आता मला पुरत नव्हतं. मी म्हटलं, "पाळणाघराला सगळे मोजा, अजूनही म्हणते. पण तुम्ही आता बाळंतपणाची रजा, बायकांची वेगळी बसायची खोली, सगळंच सोडून द्यायला निघालात. हिरा पत्र्याआड उभी होती ती कामगार म्हणून नव्हे. तिला दूध होतं म्हणून. ते तिच्या नवऱ्याला नव्हतं आणि साहेबालाही नव्हतं. ते कुठल्या खात्यात मोजणार?"

"म्हणजे तू दोन्हीकडून बोलतेस."

"मी हिराकडून बोलते."

"हिरानं तुला वकीलपत्र दिलंय?" तुम्ही हसून विचारलंत. जिन्यातल्या दोघी-तिघी हसल्या. तुम्हाला माझ्याशी भांडताना श्रोते लागायचे, हे मला तेव्हा लक्षात आलं. मला कधीच नको असायचे.

तेव्हापासून सिटी बसमध्ये तुम्ही बायकांच्या राखीव सीटवर बसणं सोडलंत. दांडा धरून उभ्या राहायचात, गुडघा दुखत असतानाही. मी मात्र बसायचे, आणि तुमची जड पिशवी माझ्या मांडीवर. एकदा मी म्हटलं, "तत्त्व उभं आहे आणि ओझं राखीव सीटवर." तुम्ही इतक्या हसलात की कंडक्टर तिकिटाचं विसरला. शालिमारच्या थांब्यापासून सीबीएस स्टँडपर्यंत हसत होतात. हे मी का लिहिते आहे? राग लिहायला बसले होते. पण तुमच्यावरचा राग लिहायचा तर हेही त्यातच येतं, वेगळं काढता येत नाही.

आपली शेवटची भेट दोन महिन्यांपूर्वीची. तुम्ही थकल्या होतात, तरी हातात कायद्याचं पुस्तक होतं. मी पुन्हा हरसूलचा विषय काढला. तुम्ही डोळे मिटलेत. "अजून ते धरून बसलीस?"

"हो."

"बरं करतेस. कुणीतरी धरायला हवं."

म्हणजे काय, ताई? ही कबुली होती की टोमणा? तुम्ही लगेच मला चहाचं विचारलंत, आणि मीही हो म्हटलं. एवढं वाक्य टाकून कुणी मरतं का?

आता तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट.

ती यादी मी लिहिली तेव्हा मस्टरच्या क्रमानं लिहिली. कारकुनाचा हात. ज्येष्ठतेनं आधी तीस कायम, मग खाली चार तात्पुरत्या, आणि त्या चौघींपुढे फुली, कुणाला शंका राहू नये म्हणून. तुम्ही जशीच्या तशी टाइप केलीत. नावं उलटसुलट असती, कायम आणि तात्पुरत्या मिसळलेल्या असत्या, तर निदान कोण कुठली ते त्यांना शोधावं लागलं असतं. मी शोधायचं काही ठेवलंच नव्हतं. प्रत आली त्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. कागद टेबलावर होता. म्हणाले, "विमलबाई, यादी छान लावली आहे हो कुणीतरी. अगदी आपल्या मस्टरसारखी." त्यांनी पट्टी घेतली आणि तिसाव्या नावाखाली लाल रेघ मारली. "या चौघींची कार्डं काढून ठेवा." रेघेखालचं पहिलं, एकतिसावं नाव हिराचं होतं. मी कार्डं काढून ठेवली. साहेबांनी मला कधी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मला बढतीही दिली.

आठ वर्षं मी तुम्हाला हरसूलला पाठवत होते. शोकसभेतून बाहेर आल्यावर, त्या मुलीला "राग आला" म्हटल्यावर, मी स्वतः एकदाही गेले नाही, हे माझं मलाच ऐकू आलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी हरसूलला गेले. तुमच्या वतीनं माफी मागायची असं ठरवून गेले होते. तोपर्यंत मी स्वतःशीही धडपणे खरं बोलत नव्हते.

हिरा बाजाराच्या टोकाला बसली होती, पुढ्यात वरई आणि खुरासणीचे ढीग. तिनंच मला आधी ओळखलं.

"तू हापिसातली ना? कार्डावाली? म्हातारी झालीस गं."

मी खाली बसले. म्हटलं, "सुलभाताई गेल्या."

"कोन?"

"पाळणाघराचा अर्ज ज्यांनी केला त्या. चष्म्याच्या."

"हां, ती. मला गेटावर पाहून रडली व्हती." तिनं एका गिऱ्हाइकाला वरई मापून दिली. "मंग?"

"त्यांनी येऊन तुझी माफी मागायला हवी होती. त्या आल्या नाहीत."

"तिनं कशापायी?" हिरा हसली. "तिला काय ठावं कोन कवा लागली? मागनं साहेब मला बोलला, तुमच्याच बाईनं तुमाला पार तळाला लिवलंय, फुल्या मारून. तवाच समजलं. आमची कार्डं कोनाकडं व्हती?"

मला वाटत होतं की हे फक्त मला आणि साहेबांना माहीत आहे. मी म्हटलं, "यादी मी लिहिली, हिरा. चूक माझी झाली. आणि ऑर्डर कमी झाली असं मी म्हणाले ते खोटं होतं."

"ठावं हाय." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नाशिकवरनं यष्टी आठ वरसं भरत व्हती का गं?"

शेजारची कांदेवाली खो खो हसली. मी थोरलीचं विचारलं. हिरा म्हणाली, "तिचं लगीन केलं मागल्या साली." ती थोरली आता पंधरा वर्षांची असेल. हिरानं वरईचा ढीग हातानं सारखा केला. "माफ केलं" नाही, "जाऊ दे" नाही. मग म्हणाली, "ऊठ आता. गिऱ्हाईक थांबलंय." मी उठले.

परतीच्या जीपमध्ये माझ्या डोक्यात तुमचंच वाक्य. मी माफी मागितली तर मालक सुटतो. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं उत्तर मिळालं. नाही सुटत, ताई. मी मागितली, आणि मालक जिथे होता तिथेच आहे. उलट इतके दिवस मीच त्याला सांभाळून ठेवलं होतं, त्या लाल रेघेबद्दल कुणाला न बोलून. आपण चूक कबूल करत नव्हतो म्हणून ती रेघ त्याच्या टेबलावर सुरक्षित होती. कबूल केल्यावर मला ती बोलता आली. इथे लिहिली. उद्या हे छापलं तर माझ्या नोकरीचं काय होईल ते बघता येईल, पण रेघ कुणी मारली ते आता लपणार नाही.

तुम्ही हरलात. स्वच्छ हरलात. त्र्यंबकच्या चढावर मी जीपमध्ये एकटीच हे म्हणत होते, शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा वळून पाहिलं. तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. तुम्ही पेनाला टोपण लावाल, चष्मा काढाल आणि म्हणाल, "हो, पण विमल..." आणि त्या "पण"च्या पुढे असं काहीतरी काढाल की मला पुन्हा आठ वर्षं पुरेल. ते काय असेल याचा मी पाच दिवस विचार करते आहे. मला सुचत नाही. ते फक्त तुम्हालाच सुचलं असतं. माझं उत्तर तयार झालं तेव्हा तुम्ही नाही आहात, याच्याइतका राग मला तुमचा दुसऱ्या कशाचाही आलेला नाही.

विमल